आधी त्याच्या घरी समाचाराला जा, स्क्रीनिंगचं नंतर बघू

प्रश्न : ताई, मी मूळचा मालवणजवळच्या किनाऱ्यावरचा, वय 35, मुंबईत एडिटिंगची कामं करतो. माझा एक जिगरी दोस्त होता, पहिली ते दहावी एका बाकावर, घरं पण एकाच वाडीत. त्याचे वडील रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, तांडेल (म्होरके). 2015 मध्ये माझ्या काकांनी मिनी पर्ससीनची (थव्याभोवती जाळं टाकणारी मशीनची) बोट घेतली आणि त्यावरनं वाडीत भांडणं लागली. एकदा बंदरावरच्या बैठकीत मी त्याच्या वडिलांना सगळ्यांसमोर बोललो, "तुमची रापण आता टुरिस्टांना दाखवायपुरतीच राहणार." त्या दिवसापासनं आमचं बोलणं बंद. चार वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले, मी गेलो नाही. आता मी दोन दुरावलेल्या बालमित्रांवर 18 मिनिटांची शॉर्टफिल्म केलीय, तिला एका फेस्टिव्हलमध्ये पहिलं बक्षीस मिळालं. शेवटी दोघं भेटतात आणि एकत्र रापण ओढतात. गावच्या मंडळाला ती गणपतीत देवळासमोर पडद्यावर दाखवायचीय. माझ्या मनात आहे की त्याला स्टेजवर बोलवायचं आणि ट्रॉफी त्याच्या हातात द्यायची. त्याला लिंक पाठवली, ब्लू टिक आली, उत्तर नाही. एकाकडनं कळलं की तो म्हणाला, "माज्या बापाशीक इकल्यान आनि बक्षीस घेतल्यान." (माझ्या बापाला विकलं आणि बक्षीस घेतलं.) मी काय करू? फिल्मची लिंक सोबत पाठवतोय. त्याची आई आहे, शाळेतनं आल्यावर तिच्याकडे पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाऊन आम्ही दोघं किनाऱ्यावर पळायचो. दोस्त आता टुरिस्टांना डॉल्फिन दाखवायला बोट चालवतो आणि स्कूबावाल्यांची माणसं ने-आण करतो.

उत्तर :

सगळ्यात आधी ते स्टेजचं डोक्यातनं काढून टाक. ट्रॉफी बिफी, माईकवर नाव पुकारणं, टाळ्या, काहीच नको.

बघ, तुला ते सरप्राईज वाटतंय पण त्याच्या जागेवर उभं राहून बघ जरा. देवळासमोर अख्खी वाडी बसलेली, वर मुंबईचे चाकरमानी हातात मोबाईल धरून रेकॉर्डिंग करतायत, आणि तू माईकवर त्याचं नाव घेतोस. त्याने काय करायचं? वर आला तर दहा वर्षांचं सगळं एका हँडशेकमध्ये मिटलं असं गाव धरून चालणार, नाही आला तर "बघा किती ताठ आहे, एवढ्या मोठ्या मनाने बोलवलं तरी आला नाही" असं वर्षभर ऐकणार. तू विसर्जन झालं की गाडीत बसून निघून जाशील, त्याला तिथंच राहायचंय. म्हणजे माफी मागायला गेलास आणि त्यालाच कोंडीत पकडलंस असं होईल. तुझा हेतू तसा नाही हे पत्रातनं कळतं, पण होईल तेच.

आता फिल्मबद्दल. मी दोनदा बघितली. बक्षीस उगाच नाही मिळालेलं. तो सुरुवातीचा म्हातारा, पाण्याच्या कडेला उभा, कपाळावर आडवा हात धरून नुसता दर्याकडे बघतोय, कोणाशी बोलत नाही, पाण्याचा रंग जरासा काळपट झालेला दिसला की खांद्यावरचा पंचा काढून एकदाच हलवतो आणि लांब असलेली होडी वळते. डायलॉग एक नाही पण त्या माणसाला किती कळतं ते सगळं कळलं. असं डोक्यातनं लिहिता येत नाही रे, हा माणूस तू लहानपणी रोज बघितलेला आहेस. पंचा हलवायच्या आधी तो पायाने वाळू सारखी करतो ना, ते बघून तर मला वाटलं की हा माणूस कोणाचा तरी खरा बाप आहे.

आणि तो खरंच कोणाचा तरी बाप आहे. इथंच सगळी गोम आहे.

तुझ्या फिल्ममध्ये ते दोन दोस्त कशावरनं भांडतात? अंडरआर्म क्रिकेटच्या फायनलवरनं. एक जण रनआऊटवरनं चिडतो, दुसरा बॅट फेकतो, बोलणं बंद. मला तुझं पत्र आधी वाचलेलं असल्यामुळे तो सीन बघताना कसंतरी झालं. म्हणजे त्याचा बाप तू उचललास, चाल, पंचा, वाळू, सगळं जसंच्या तसं, आणि त्या बापाला सगळ्यांसमोर तू जे बोललास ते मात्र गाळलंस. त्या जागी क्रिकेट घातलंस, ज्यात कोणाचीच चूक नाही. "इकल्यान" म्हणतो तो यावरच म्हणत असणार असं मला वाटतं. बाप पडद्यावर आहे, बापाचा अपमान नाही. आणि अपमान करणाऱ्याला बक्षीस.

हे तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. लिहिताना माणूस जिथं दुखतं तिथनं बाजूला सरकतो, सगळेच सरकतात. पण तुझा दोस्त ज्युरीत नव्हता, बैठकीत होता.

हे उत्तर कोकणाबाहेरचे पण वाचणार आहेत, त्यांना वाटेल की जाळ्यावरनं काय एवढं, म्हणून थोडं सांगते. रापण म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं. होडी एक दोर किनाऱ्यावर ठेवून निघते, समुद्रात अर्धगोल जाळं सोडत जाते आणि दुसरा दोर घेऊन परत किनाऱ्याला लागते, मग दोन्ही बाजूंनी चाळीस-पन्नास माणसं एका लयीत ओढतात, एक बाजू मागे पडली तर मासळी निसटते. मिळेल ते वाटून घ्यायचं, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा, म्हातारी विधवा बाई टोपली घेऊन उभी असेल तर तिला पण चार बांगडे. रापण मासळीच्या मागे जात नाही, मासळी किनाऱ्याजवळ आली तरच रापणीला मिळणार. पर्ससीन उलटं, मशीनची बोट थव्याला बाहेरच गाठते, भोवती जाळं टाकते आणि खालची दोरी ओढली की बटव्यासारखं तोंड बंद, अख्खा थवा आत. बांगडा, तारली जे थव्याने फिरतं ते बाहेरच्या बाहेर उचललं गेलं तर किनाऱ्यावर दोर धरून उभ्या असलेल्या पन्नास माणसांच्या वाट्याला येणार काय? म्हणून भांडणं झाली, मालवणात मोर्चे निघाले, समुद्रात बोटी अडवल्या, केसेस झाल्या. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालावरनं राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 ला आदेश काढला आणि पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, पुढे नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी लाईट लावून मासेमारी करायला बंदी घातली, 2021 मध्ये राज्याने सागरी मासेमारीचा 1981 चा जुना कायदा बदलून दंड लाखांत नेले. एवढं होऊन वाद आहे तो आहेच, सीझन सुरू झाला की पेपरात बातमी असतेच.

आणि दुसऱ्या बाजूचं पण बोलायला पाहिजे. तुझे काका काय राक्षस नव्हते. बोट म्हणजे कर्ज, डिझेल, खलाशांचे पगार, बर्फ, आणि हप्ता थांबत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मोठ्या बोटी भरून येतायत हे बघून आपल्या पण पोरांनी का मागे राहायचं असं वाटणारी घरं पुष्कळ होती. मी ज्या पट्ट्यात वाढले तिथं एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना गेलेले आहेत, मधे भिंत घातली, तुळशी दोन झाल्या. कोण बरोबर हे मला विचारशील तर माझं मन रापणीच्या बाजूने आहे, हे लपवत नाही. पण हे तुला त्याच्याशी बोलताना अजिबात उपयोगाचं नाही, कारण तुझी चूक बोट नाही, बोट काकांची होती. तुझं ते वाक्य होतं, एका म्हाताऱ्या तांडेलाला, त्याच्याच पोराच्या देखत.

वर ते वाक्य खरं ठरलं. पत्राच्या शेवटी तू एका ओळीत सांगून मोकळा झालास की दोस्त आता टुरिस्टांना डॉल्फिन दाखवायला बोट चालवतो आणि स्कूबावाल्यांची माणसं ने-आण करतो. आणि तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढायला टुरिस्ट दोर धरतात, फोटो काढतात, निघून जातात, हे आता कोणीही बघू शकतं. म्हणजे त्याला ते रोज बघावं लागतं. तू बोललास आणि विसरायचा प्रयत्न केलास, त्याच्या डोळ्यासमोर ते सीझनभर चालू असतं. तो ब्लू टिक देऊन गप्प बसला याचं मला तरी नवल वाटलं नाही.

अजून एक गोष्ट मला फिल्ममध्ये खटकली, ती सांगते आणि मग काय करायचं त्याकडे वळते. शेवटचा भेटीचा सीन परत लाव आणि फक्त त्या दोस्ताचं पात्र काय बोलतं ते कागदावर उतरवून काढ. "जाऊ दे रे", "किती वर्षं झाली", "चल, दोर धर". बस्स. एकदा पण विचारत नाही की का केलंस. तुझं पात्र रडतं, त्याचं पात्र समजूत काढतं. म्हणजे त्या भेटीत दोघांचे डायलॉग तूच लिहिलेस आणि त्याच्या वाट्याला नुसतं माफ करणं आलं. थिएटरमधल्या लोकांच्या डोळ्यात पाणी येणारच, मला पण आलं. पण खऱ्या भेटीत त्याचं बोलणं तो बोलणार आहे, आणि दहा वर्षांचं साठलेलं आहे, ते ऐकायची तयारी आहे का तुझी? मला फक्त एवढंच विचारायचं होतं. असेल तर पुढचं वाच.

गणपतीची वाट बघू नकोस. गणपतीत कोणाच्या घरी दर्शनाला जायला आमंत्रण लागत नाही, भजनाची बारी पण घरोघर फिरते, त्यामुळे तुला वाटेल की ही आयती संधी आहे. पण त्याच कारणाने ती चांगली संधी नाही. देव घरात असताना दारात आलेल्याला तो चहा देणार, मोदक पुढे करणार, बस म्हणणार, वैरी आला तरी करणार, कारण तशी रीतच आहे. तू ते माफी समजून बाहेर पडशील आणि तो मनात धुमसत राहील. घर भरलेलं, पोरं, पाहुणे, टाळ-मृदंग, त्यात कोण काय बोलणार?

आत्ता जा. पावसात. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, जून-जुलै मशीनच्या बोटींना मासेमारी बंदी, म्हणजे त्याची बोट पण वर ओढून झापांनी झाकलेली असणार आणि तो घरात असणार. एकदा नारळी पौर्णिमा झाली की बोटीची डागडुजी, इंजिनचं काम, रंग, मग सीझन, मग त्याला तुझ्यासाठी बसायला वेळ नाही आणि तुला पण तेवढंच कारण मिळेल माघारी फिरायला.

आणि जायचं कशाला तर समाचाराला. फिल्मसाठी नाही, दोस्तीसाठी पण नाही, त्याचे वडील गेले त्याच्या समाचाराला. चार वर्षांनी कोण समाचाराला जातं असं तू म्हणशील. जातात. परदेशी असलेले जातात, जेलातनं सुटून आलेले जातात, भांडणामुळे न गेलेले पण जातात, आणि लोक दार उघडतात. जे काम राहिलंय ते आधी करायचं. बाराव्याला, वर्षश्राद्धाला तू नव्हतास हे त्या घरात सगळ्यांच्या लक्षात आहे, तू येऊन बसलास तर ते पण लक्षात राहील.

त्याची आई आहे असं तू लिहिलंयस, आणि शाळेतनं आल्यावर तिच्याकडे पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाऊन मग तुम्ही दोघं किनाऱ्यावर पळायचात असं पण लिहिलंयस. मग आधी तिच्याजवळ जाऊन बस. खाली बस, खुर्चीवर नको. मिठाई नेऊ नकोस, समाचाराला कोणी पेढे नेतं का, आणि बक्षिसाचे तर नकोच नको. ती काय बोलेल ते बोलू दे. कदाचित ती आजार किती दिवस होता, कुठल्या हॉस्पिटलात नेलं, शेवटी काय खाल्लं हे सगळं पहिल्यापासनं सांगेल, बाया सांगतात, ते सगळं ऐक, मधे "हो मला कळलं होतं" म्हणून तोडू नकोस. कळलं होतं तरी आला नाहीस हेच त्यातनं निघतं.

मग तो असेल तिथं, पडवीत नाहीतर बोटीपाशी, त्याला सरळ सांग. लांबण नको. "त्या दिवशी बंदरावर मी तुझ्या बापाशीक जा बोललंय, ता चुकीचा होता, आनि ते गेले तेव्हा मी इलंय नाय ता त्याच्याहून चुकीचा." मालवणीतच बोल, तुमची भाषा ती आहे, मुंबईची शुद्ध मराठी लावलीस तर तुझा फेस्टिव्हलमधला इंटरव्ह्यू वाटेल. "आपल्यात गैरसमज झाला" हे मात्र बोलू नकोस, गैरसमज कुठे झाला, त्याला नीट समजलं होतं. आणि "पण काकांच्या बोटीला तेव्हा परमिट" वगैरे तोंडातनं निघालं तर तिथंच उठ आणि घरी जा, कारण मग परत बंदरावरची बैठक सुरू होईल.

तो ओरडला तर ओरडू दे. "आता कित्याक इलंस, पिच्चर चाललो म्हणान?" असं विचारेल, हे मी लिहून देते. तेव्हा खरं सांग की हो, फिल्ममुळे परत सगळं वर आलं, नाहीतर अजून धाडस झालं नसतं. खोटं बोलून "नाही नाही, मी येणारच होतो" म्हणालास तर त्याला लगेच कळेल, दहा वर्षं एका बाकावर बसलेला माणूस आहे तो. आणि समज तो घरातनं बाहेरच आला नाही, तर त्याच्या आईला नमस्कार करून निघ, दुसऱ्या दिवशी परत दार वाजवत बसू नकोस. दिवाळीत गावी गेलास की परत जा, देवदिवाळीला जत्रा असेल तेव्हा दिसला तर थांब. सलग चार वेळा व्हॉट्सॲप मेसेज टाकणं म्हणजे जाणं नव्हे.

फिल्मचा विषय तू काढायचा नाहीस. त्याने काढला तरच बोलायचं, आणि बघायची म्हणाला तर लॅपटॉप बरोबर असू दे, घरात त्याच्याबरोबर बसून लाव, मोबाईलवर लिंक देऊन पळ काढू नकोस. लिंक त्याने उघडली की नाही, उघडली तर कुठपर्यंत बघितली ते तुला माहीत नाही. बघताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बसू नकोस. बघून झाल्यावर त्याला जे म्हणायचंय ते म्हणू दे, आणि तो म्हणाला की बाबांचा तो पंचाचा शॉट गावात दाखवू नको, तर नाही दाखवायचा. तुला पोटात कळ येईल, फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट तोच आहे हे मला पण माहितीय. पण तो शॉट तू काढलास म्हणून तो माणूस तुझा झाला नाही. फेस्टिव्हलात दाखवून झाली, ते काय परत फिरवता येत नाही, पण यूट्यूबवर टाकायची घाई तरी करू नकोस, आणि गावातल्या पडद्यावर तर त्याच्या होकाराशिवाय अजिबात नाही. बक्षिसाचे पैसे त्याला देऊ करू नकोस, त्याच्या तोंडचं ते "इकल्यान" मग खरंच होईल. श्रेयनामावलीत त्याच्या वडिलांचं नाव टाकायचं असेल तर ते पण त्या घराला विचारून, कसं टाकायचं, कुठे टाकायचं.

आणि तुझ्या हाताला एडिटिंग आहे, तर एक माझ्याकडनं. ते क्रिकेट काढ. आत्ता नाही, त्याच्याशी बोलणं झालं की. बंदरावरची ती बैठक शूट कर, ते वाक्य त्या पोराच्या तोंडी घाल, म्हाताऱ्याचा चेहरा दाखव. भेटीचा सीन कदाचित मग जमणार नाही, शेवट उघडा राहील. राहू दे. ती फिल्म गावातल्या दोन्ही बाजूंच्या लोकांना बघायला जड जाईल पण बघतील, क्रिकेटच्या भांडणावर मात्र "छान झाली हां" म्हणून नारळ फोडून घरी जातील.

आज संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांना फोन कर आणि सांग की यंदा स्क्रीनिंग नको. कारण विचारतील, बॅनर छापायला दिलाय म्हणतील, पैसे तू भर. "तांत्रिक अडचण" असं सांगू नकोस, वाडीतल्या एका घराला विचारायचं राहिलंय एवढं सांग, ज्याला कळायचं त्याला बरोबर कळेल. यंदा पडद्याऐवजी दशावतार नाहीतर डबलबारी (भजनाचा सामना) ठेवा म्हणावं, लोक नाराज होणार नाहीत. आणि तुतारी एक्सप्रेसचं तिकीट बघ. गणपतीच्या गाड्या केव्हाच फुल्ल होतात पण पावसाळ्यात मधल्या वारी जागा मिळते, कुडाळला उतरून एसटीने मालवण गाठता येतं. पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा वेळ बघून घे आणि परतीचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवसाचं काढू नकोस.